पिटमध्ये उतरण्याआधी

प्रिय पोरी,

तुझ्या आईचा फोन आला होता. ‘ही हेवी मेटल रॉकच्या कॉन्सर्टला बंगळूरला जातेय म्हणते, वर त्या धक्काबुक्कीत शिरणार म्हणते. तूच समजाव बाई.’ कॉलेजपासून ती मला ओळखते, तरी तिला वाटतं की मी कुणाला अशा जागी जाऊ नको म्हणेन! समजावते म्हटलं मी. तर आता समजावते, जायचं कसं ते. (तुझ्या आईची ती धक्काबुक्की म्हणजे पिट: स्टेजसमोरची जागा, जिथे लोक गाण्यावर एकमेकांना धक्के देत नाचतात.)

पैशाचा विचार करत असशील तर तो सोड. तिकीट महाग आहे, वर ट्रेनचं भाडं, राहणं. पण ही गाणारी-वाजवणारी मंडळी म्हातारी होत चालली आहेत. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर मेटलचा जुना गायक ऑझी ऑस्बॉर्न सिंहासनावर बसून गायला, उभं राहण्याची ताकद उरली नव्हती, आणि २२ जुलैला तो गेलाच. ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणणारे माझे कितीतरी मित्र तसेच बघत राहिले.

आता कान. मेटलच्या कार्यक्रमात आवाज शंभर डेसिबलच्या पुढे सहज जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा कार्यक्रमांसाठी जी मर्यादा सुचवली, ती पंधरा मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबल. त्यापुढे दर तीन डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणजे कानाला सोसेल असा वेळ निम्मा होतो. आतल्या कानातल्या त्या केसाळ पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. औषधाच्या दुकानातले फोमचे बोळे काहीच नसल्यापेक्षा बरे, पण ते वरचे सूर खातात, ड्रमचे सिंबल्स (झांजा) गायब होतात आणि गिटार बोथट लागते. वादकांसाठीचे इअरप्लग वेगळे मिळतात, ते सगळेच सूर जवळपास सारखे खाली आणतात. तेच घे. इअरप्लगला हसणाऱ्या माझ्या पिढीतल्या मर्दांना आता फोनवर प्रत्येक गोष्ट दोनदा सांगावी लागते.

गाणी नीट ऐकायची असतील तर साउंड कन्सोलच्या जरा पुढे, मधोमध उभी राहा. इंजिनियर तिथे बसून आवाज जुळवतो, त्यामुळे त्याच्या कानाला जे बरं वाटतं ते तुझ्यापर्यंत पोहोचतं. अगदी पुढे बॅरिकेडला चिकटलीस तर गिटारवाल्याची बोटं दिसतील, पण मोठे स्पीकर दोन बाजूंना टांगलेले असतात. मधे ड्रम आणि स्टेजवरचे अँप (गिटारचे स्पीकर) तेवढे आदळतात, गाणारा काय गातोय ते बऱ्याचदा कळत नाही. मी एकेका कार्यक्रमात दोन्ही करते, आवडती दोन गाणी पुढे आणि बाकी मागे.

आणि पिट. २०१३ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या लोकांनी मेटल कॉन्सर्टचे व्हिडिओ घेऊन त्यातल्या माणसांचे वेग मोजले होते. मॉश पिटमधल्या, म्हणजे वाटेल तसे एकमेकांवर आदळणाऱ्या माणसांना वायूच्या रेणूंचं गणित लागू पडतं, असं त्यांना दिसलं. आणि सर्कल पिट, म्हणजे सगळे गोल पळतात ते पिट, शंभरातले पंच्याण्णव वेळा घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. तेव्हा गोल फिरायला लागला की डावी-उजवी बघून घे, एकटी उलटी पळू नकोस.

रेणूंना नियम पाळावे लागत नाहीत, तुला लागतील. पहिला आणि सगळ्यात मोठा नियम: कुणी पडलं की गाणं कुठलंही चालू असो, आधी त्याला उचलायचं. १ फेब्रुवारी २००८ ला आयर्न मेडन हा इंग्लंडचा मेटल बँड मुंबईत आला, बीकेसीत. जागतिक दौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम आपल्याकडे, आणि बँडचं बोइंग चालवणारा वैमानिक म्हणजे त्यांचाच गायक, ब्रूस डिकिन्सन. त्या धुरळ्यात माझ्यासमोर एका मुलाचा चष्मा पडला. त्याने दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली, तशी आजूबाजूच्या अनोळखी पोरांनी पाठी बाहेर करून कडं केलं आणि मोबाइलचे उजेड जमिनीवर धरले. चष्मा मिळाला, एक काडी वाकडी झाली होती. त्याने ती दातात धरून सरळ केली, काचा टी-शर्टला पुसल्या, चष्मा चढवला आणि ‘थँक्यू’ वगैरे न म्हणता परत आत उडी घेतली. कुणाला त्याचं वाईट वाटलं नाही.

सुरुवातीला काठावर उभी राहा. काठावरच्यांचं काम आतून भिरकावला गेलेला माणूस हाताने झेलून परत आत ढकलायचं, आणि ज्यांना यात पडायचं नाही त्यांच्यावर तो आदळू द्यायचा नाही. दोन-तीन गाणी हे कर, मग कळेल तुला आत जावंसं वाटतंय का. बुटाच्या नाड्या दुहेरी गाठ मारून बांध. कानातलं, साखळी, अंगठी घरीच ठेव. खिळ्यांचं मनगटी कडं फोटोत छान दिसतं, पिटमध्ये ते दुसऱ्याच्या गालाला लागतं.

मुलगी म्हणून वेगळं सांगायचं ते एवढंच. मी मुंबईच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात रॉक ऐकायला जायचे तेव्हा टी-शर्टवरची कवटी बघून लेडीज डब्यातल्या बायका सरकून बसायच्या. मला खिडकी मिळायची. मैदानात मात्र आमच्यासारख्या मोजक्याच असायच्या, आता पुष्कळ दिसतात. पिटमध्ये धक्का खांद्याचा लागतो, पाठीचा लागतो, कोपराचाही लागतो. तळहात रेंगाळला तर तो धक्का नव्हे. तू डोंबिवलीची, हा फरक मी तुला काय शिकवणार! अशा वेळी गप्प बसू नकोस, बोट दाखवून ओरड. तसल्या माणसाची कॉलर धरून त्याला बाहेर काढणारे लोक याच गर्दीत असतात, मी पाहिलेत. नाहीच कुणी पुढे आलं तर तू बाहेर ये आणि सिक्युरिटीला गाठ. गाणं पुन्हा ऐकता येईल.

आईला पिटची भीती वाटते, मला दाटीची वाटते. पिटमध्ये निदान हलायला जागा असते. पुढच्या रांगांत मागून लोंढा येतो तेव्हा तीही उरत नाही. १९८८ साली इंग्लंडमधल्या डॉनिंग्टनच्या रॉक महोत्सवात, गन्स अँड रोझेस हा बँड वाजवत असताना पुढची माणसं चिखलात कोसळली आणि त्यात दोन तरुण गेले. गर्दीत माणूस बहुतेक वेळा पायाखाली येऊन मरत नाही. छाती फुगवायला जागा नसते, म्हणून मरतो. म्हणून हात कायम छातीसमोर, कोपरं जरा बाहेर. हात वर काढता येईनासे झाले तर तीच निघायची वेळ. सरळ मागे रेटू नकोस, लोंढा ओसरला की तिरकी तिरकी बाजूला सर. बंद क्लबात कार्यक्रम असेल तर आत शिरताच बाहेरचे दरवाजे बघून ठेव. बुखारेस्टच्या कोलेक्टिव क्लबात २०१५ साली स्टेजवरच्या आतषबाजीने आवाज शोषणाऱ्या फोमला आग लागली आणि ६४ जीव गेले.

आणि कार्यक्रम रद्द झाला तर मुकाट घरी ये. २८ ऑक्टोबर २०११ ला गुडगावला मेटॅलिका या अमेरिकन बँडचा कार्यक्रम ऐनवेळी होऊ शकला नाही, तेव्हा चिडलेले लोक स्टेजवर चढले आणि सामानाची मोडतोड केली. राग मलाही समजतो, लांबून आलेली माणसं होती ती. पण दोनच दिवसांनी बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर त्याच बँडने वाजवलं, तिथे असलं काही झालं नाही.

आता वेळेचं. आपल्याकडे उघड्या मैदानावर रात्री दहाची मर्यादा असते. आमचं रंगभवन तर आवाजापायीच गेलं. धोबीतलावला, आजूबाजूला रुग्णालयं आणि कॉलेजं, तो भाग शांतता क्षेत्र ठरला आणि १९८६ पासून चालत आलेल्या इंडिपेंडन्स रॉक या महोत्सवाला दुसरी मैदानं शोधावी लागली. तेव्हा आमचा जळफळाट झाला होता. खाटेवर पडलेल्या माणसाच्या बाजूने आम्ही कुणी विचार केला नव्हता, एवढं मात्र खरं. तर या दहाच्या नियमामुळे कार्यक्रम दुपारीच सुरू होतात आणि पहिले बँड रणरणत्या उन्हात, समोर मूठभर माणसं असताना वाजवतात. बाकीचे गेटबाहेर वडापाव खात बसलेले असतात.

तू त्या मूठभरांत असावंस असं मला वाटतं. डेमॉनिक रिझरेक्शन, भयानक मौत (हे नाव आईला सांगू नकोस) ही मुंबईची पोरं अशीच उन्हात वाजवत मोठी झाली. दिल्लीचा ब्लडीवूड ढोल घेऊन २०१९ ला जर्मनीतल्या वाकेनच्या मेटल महोत्सवाला पोहोचला, तर तिथे त्यांच्यासाठी तुडुंब गर्दी. पहिल्या बँडसमोर पुढे जाऊन उभी राहा, मोबाइल खिशात ठेव, मान हलव. पन्नास माणसांत तुझी एक मान स्टेजवरून स्पष्ट दिसते.

त्यांचा टी-शर्टही तिथेच घे, त्यांच्या पेट्रोलचे पैसे त्यातूनच निघतात. कार्यक्रमाआधीच घे, नंतर फक्त डबल एक्सेल उरतो. आणि एक साइझ मोठा घे, ते कापड पहिल्या धुण्यात आटतं.

तुझी,
मावशी