ऑफिसातलं जुनं रेकॉर्ड स्कॅन करून खरंच काही फायदा होतो का?

तुम्ही विचारलंय की ऑफिसात जुन्या फायली स्कॅन करायचा प्रस्ताव आलाय, साहेब म्हणतात करूया, लेखा विभाग म्हणतो नुसता खर्च, तर खरं काय. मी एका नगरपालिकेत 22 वर्षं काढली, त्यातली 6 रेकॉर्ड रूममध्ये (शिक्षा म्हणूनच टाकलं होतं तिथे, असो), म्हणून चार गोष्टी सांगतो.

फायदा होतो. पण जागा मोकळी होते वगैरे जे प्रस्तावात लिहितात ना, ते किरकोळ आहे. मोठी गोष्ट ही की फाईल कुठंय हे एकाच माणसाच्या डोक्यात राहत नाही. आमच्याकडे एक शिपाई मामा होते, कुठला रुमाल (म्हणजे कापडात बांधलेला फायलींचा गठ्ठा) कुठल्या रॅकवर, वरून कितवा, सगळं तोंडपाठ. मामा रिटायर झाले आणि त्याच महिन्यात कोर्टाने 1987 ची एक बांधकाम परवानगी मागितली. आम्ही चौघं नाकाला रुमाल बांधून रेकॉर्डचे लाल रुमाल सोडत बसलो, तीन दिवस, वाळवीची माती झटकत, आणि फाईल निघाली कुठून तर घरपट्टीच्या गठ्ठ्यातून!

दुसरं म्हणजे एकच कागद तीन टेबलांना एकाच वेळी लागतो. सेवापुस्तकच घ्या, म्हणजे कर्मचाऱ्याच्या नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, ते आस्थापनेकडे (कर्मचाऱ्यांचं काम बघणारा विभाग) असतं, लेखावाल्यांना वेतननिश्चितीला हवं, ऑडिट आलं की त्यांनाही तेच, आणि मग "आमच्याकडून कधीच पाठवलंय" हे ऐकत बिचारा रिटायर माणूस पेन्शनसाठी चकरा मारतो. स्कॅन असलं की तिघंही एकदम बघतात. माहिती अधिकारात 30 दिवसांत उत्तर द्यायचं असतं, तेव्हाही हेच कामाला येतं.

आणि आग, पाणी. 21 जून 2012 ला मंत्रालयात चौथ्या मजल्यावर लागलेली आग वर चढत गेली, किती फायलींची राख झाली ते सगळ्यांनी पाहिलंय. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधताना गावोगावची जुनी मोडीतली जन्म-मृत्यूची रजिस्टरं बाहेर काढली, पान उलटलं की तुकडा हातात यायचा असले कागद, सापडलेल्या नोंदी स्कॅन करून जिल्ह्यांच्या वेबसाइटवर टाकल्या, आता ती पानं परत परत हाताळायची गरज नाही.

पण आम्ही जी माती खाल्ली ती तुम्ही खाऊ नका. आधी कुठला कागद किती वर्षं जपायचा त्याप्रमाणे वर्गीकरण करा. अ म्हणजे कायम, ब 30 वर्षं, क 10, क-1 5 आणि ड 1 वर्ष, हे सरकारी ऑफिसात असतंच, पण करतो कोण? आम्ही सरसकट सगळं स्कॅनिंगला दिलं, त्यात चहाची बिलंसुद्धा, आणि ठेकेदाराला पानामागे पैसे असल्याने तो खूश. मुदत संपलेलं रीतसर नष्ट करा, उरलेलंच स्कॅन करा. अ वर्गाचे मूळ कागद मात्र स्कॅन झाले म्हणून फाडू नका, कोर्ट मूळ प्रत मागू शकतं.

पानाची मागची बाजूही घ्यायला सांगा. आमच्याकडे साहेबांचा "मंजूर" हा शेराच मागे होता आणि स्कॅनमध्ये नुसता अर्ज! जुने ठिसूळ कागद ऑटो फीडरमध्ये (स्कॅनरचा पानं आपोआप ओढणारा भाग) घालायचे नाहीत, फाटतात, ते काचेवर एकेक ठेवूनच. स्कॅनची स्पष्टता 300 डीपीआय (एका इंचात किती ठिपके ते माप) पुरते. हाताने लिहिलेलं मराठी, तेही जुनं घसटलेलं, सर्चला नीट सापडेल या भरवशावर राहू नका, म्हणून फाईल नंबर, वर्ष, विषय, अर्जदाराचं नाव ही नोंद माणसानेच टाईप करायची. आम्हाला आधी जे मिळालं त्यात फायलींची नावं स्कॅन0001, स्कॅन0002 अशी होती, म्हणजे गठ्ठा तोच, फक्त कॉम्प्युटरमध्ये.

आणि शेवटचं बिल द्यायच्या आधी सगळ्या पीडीएफ आणि नोंदींची एक्सेल शीट दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर स्वतःकडे घ्या. आमचं सगळं ठेकेदाराच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं, करार संपला, पासवर्ड बंद, आणि 8 महिने आम्ही परत रेकॉर्ड रूममध्ये रुमाल सोडतोय.