गोळीही आकड्यात धरली जाते

प्रश्न : माझी मुलगी आठव्या महिन्यात आहे. रात्री तळहात-तळपायांना असह्य खाज सुटते. रक्तातली पित्ताम्लं २८ आली म्हणून डॉक्टरांनी उर्सोच्या गोळ्या दिल्या. दहा दिवसांनी आकडा ३१! गोळी लागू पडत नाही का? लॅबवाले म्हणतात, 'मास स्पेक' या रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रावर याची वेगळी, महाग तपासणी होते. करावी का?
– एक आई, कराड

उत्तर : ताई, आधी एक सांगते. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. २८ चे ३१ झाले म्हणजे गरोदरपणात यकृतात पित्त तुंबण्याचा हा आजार वाढलाच, असं नाही.

नेहमीची तपासणी एन्झाइमने होते. पित्ताम्लाच्या तिसऱ्या कार्बनवर एक हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) असतो. तो दिसेल ते सगळं हे एन्झाइम एकत्र मोजतं. आता उर्सो हेही पित्ताम्लच. अस्वलाच्या पित्तात ते प्रथम सापडलं, म्हणून अस्वलाचं लॅटिन नाव त्याला मिळालं. माणसात एरवी ते अगदी थोडं असतं. मुलगी ते रोज घेते, रक्तात उतरतं आणि एकूण आकड्यात जाऊन बसतं. त्या ३१ मध्ये गोळीचं किती आणि यकृतात तुंबलेलं किती, हे एन्झाइमला सांगता येत नाही.

मास स्पेक्ट्रोमीटरला येतं, पण नुसत्या वजनावरून नाही. हे मी चुकून शिकले. उर्सो आणि शरीरातली चिनो व डीऑक्सी, या तिन्ही पित्ताम्लांचा रेणुभार (रेणूचं वजन) ३९२. यंत्रात एक हायड्रोजन निघून जातो, म्हणून तिन्ही ३९१ वरच दिसतात. उर्सो आणि चिनोत फरक एवढाच, की सातव्या कार्बनवरचा गट एकात वर, दुसऱ्यात खाली. फोडून ओळखावं तर ही आम्लं सहजी तुटतही नाहीत. म्हणून आधी कॉलममधून, म्हणजे मिश्रण वेगळं करणाऱ्या नळीतून, सोडायची : उर्सो पहिलं बाहेर येतं, मग चिनो, शेवटी डीऑक्सी. लॅबमध्ये नवी असताना मी घाईने कॉलमचा वेळ कापला. आलेखावरची प्रत्येक आम्लाची शिखरं एकमेकांत मिसळली आणि उर्सो घेणाऱ्या एका बाईच्या अहवालात चिनो भरमसाट दिसलं. अहवाल बाहेर जाण्याआधी वरिष्ठांनी पकडला. तेव्हापासून अशा प्रत्येक नमुन्याचा आलेख मी स्वतः बघते. (नमुन्यात आम्ही तेच आम्ल ड्युटेरियम (जड हायड्रोजन) जोडून, वजनाने चारने जड केलेलं, मोजून घालतो. मिथेनॉलने प्रथिनं खाली बसवताना काही हरवलं, तर दोन्ही सारख्याच प्रमाणात हरवतात, म्हणून हिशोब बिघडत नाही.)

मग करावी का? डॉक्टरांना हवी असेल तरच. धोक्याची रेघ एकूण आकड्यावरच ठरली आहे. २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या मोठ्या विश्लेषणानुसार, पोटात एकच बाळ असेल तर एकूण पित्ताम्लं १०० मायक्रोमोल प्रति लिटर किंवा त्यापुढे गेल्यावर बाळ पोटात दगावण्याचा धोका वाढतो. मुलगी त्या रेघेच्या बरीच खाली आहे. तरी डॉक्टर सांगतील तेव्हा तपासणी पुन्हा करायचीच, कारण हा आकडा चढू शकतो.

एक मात्र पाळा. दर वेळी रक्त जेवणापासून सारख्याच अंतराने द्या. जेवल्यावर पित्ताशय आकुंचन पावतं आणि आकडा वर जातो. फॉर्मवर उर्सोचा डोस आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली, ते लिहायला सांगा. मला तर असा फॉर्म कोराच आला की जीव खालीवर होतो.

आणि बाळाची हालचाल कमी वाटली, तर कुठल्याही रिपोर्टची वाट बघू नका. रात्र असली तरी लगेच दवाखाना गाठा.