गाबाला ‘ब्रेक’ म्हणण्याआधी

प्रिय,

गाबावरचा तुझा मसुदा ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याउभ्याच वाचून काढला. भाषा स्वच्छ आहे. पण पहिल्याच ओळीत ‘गाबा हा मेंदूचा ब्रेक’ असं लिहून तू पुढे निघालीस, तिथे मी अडलो.

गाबा हे चेतापेशींमध्ये निरोप पोहोचवणारं रसायन. तो स्वतःहून काही थांबवत नाही. चेतापेशीवर तो जिथे बसतो तो गाबा-ए रिसेप्टर हे मुळात एक आयन चॅनेल, म्हणजे विद्युतभारित कणांसाठीचं दार. गाबा येऊन बसला की ते उघडतं आणि त्यातून मुख्यतः क्लोराइडची ये-जा होते, थोडी बायकार्बोनेटचीही. क्लोराइड आत शिरणार की बाहेर पडणार, हे पेशीत ते आधीच किती आहे यावर ठरतं.

कागद घे. पेशीबाहेर क्लोराइड १३० मिलिमोलर धर, आत ५. शरीराच्या तापमानाला नेर्न्स्टचं समीकरण (क्लोराइडची ये-जा कोणत्या विद्युतदाबाला समतोल होते ते सांगणारं सूत्र) उणे ८७ मिलिव्होल्टच्या आसपास उत्तर देतं. पेशीचा विश्रांतीचा विभव, म्हणजे आत-बाहेरचा विद्युतदाब, उणे ७० असेल, तर क्लोराइड आत येईल आणि पेशी आणखी शांत होईल. आता फक्त आतला आकडा २५ कर. उत्तर साधारण उणे ४४. आवेग, म्हणजे पेशीचा विद्युत-संदेश, सुटायला उणे ५० ते ५५ पुरतात. म्हणजे गाबा तोच, रिसेप्टर तोच, आणि परिणाम उलटा!

आतलं क्लोराइड ठरवण्यात दोन ट्रान्सपोर्टरचा, म्हणजे आयन वाहून नेणाऱ्या प्रथिनांचा, हात मोठा असतो. एनकेसीसी१ ते आत आणतो, केसीसी२ बाहेर काढतो. कोवळ्या चेतापेशींत पहिल्याचा जोर असतो, म्हणून तिथे क्लोराइड जास्त. उंदराच्या पिलांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूचा स्मृतीशी निगडित भाग) गाबा पेशींना उत्तेजित करतो, हे संशोधक बेन-आरी यांच्या गटाने १९८९ मध्ये दाखवलं. वाढीबरोबर केसीसी२ वाढतो आणि चित्र पालटतं, हे १९९९ मध्ये पुढे आलं. ऐरोलीच्या खाडीकाठी तिवराचं पान कधी चाटून बघ, खारट लागेल. खाऱ्या चिखलात उभं राहून ते झाड मीठ बाहेर टाकत राहतं. प्रौढ चेतापेशीचाही क्लोराइडशी असाच रोजचा झगडा. केसीसी२ चालतो पोटॅशियमच्या उतारावर, म्हणजे आत जास्त, बाहेर कमी या फरकावर. अपस्माराच्या झटक्याच्या वेळी पेशीबाहेर पोटॅशियम साठलं की तो अडखळतो, त्यात गाबाच्या माऱ्याने क्लोराइड आत भरत राहतं, आणि नेमकी गरज असते तेव्हाच आवर सैल पडतो.

आता उलट्या टोकाला मात्र जाऊ नकोस. आतलं क्लोराइड १५ घालून बघ. उणे ५८ येईल: विश्रांतीपेक्षा वर, पण आवेगाच्या उंबरठ्याखाली. शिवाय चॅनेल उघडं असताना बाकीचा उत्तेजक प्रवाह तिथूनच गळून जातो. अशी पेशी विध्रुवित होते, म्हणजे तिचा विभव शून्याकडे सरकतो, तरी दबलेलीच राहते. तुझ्या तिसऱ्या परिच्छेदात ‘विध्रुवण’ आणि ‘उत्तेजन’ एकच समजले गेलेत, ते वेगळे कर.

तू उद्धृत केलेल्या प्रत्येक आकड्याला मोजण्याची पद्धत विचार. साध्या होल-सेल पॅचमध्ये, म्हणजे काचेची बारीक नळी (पिपेट) पेशीला चिकटवून आतपर्यंत छिद्र पाडण्याच्या पद्धतीत, पिपेटमधलं द्रावण पेशीत मिसळतं, मग आपणच भरलेलं क्लोराइड आपण मोजत बसतो. ग्रॅमिसिडिन हे प्रतिजैविक वापरून केलेल्या पॅचमध्ये पडणाऱ्या छिद्रांतून सोडियम-पोटॅशियम जातात, क्लोराइड जात नाही. त्या नोंदींवर माझा भरवसा जास्त.

शेवटचा परिच्छेद, ब्युमेटॅनाइडचा, सरळ काढून टाक. हे लघवीचं औषध एनकेसीसी१ अडवतं, म्हणून आशा मोठी होती. पण ते मेंदूत फारसं पोहोचतच नाही. नवजात बाळांच्या झटक्यांवरची युरोपातली चाचणी लवकर थांबवावी लागली. फायदा स्पष्ट दिसला नाही आणि काही बाळांच्या श्रवणशक्तीवर परिणाम आढळला. हा ट्रान्सपोर्टर आंतरकर्णातही असतो, हे विसरून चालत नाही. ऑटिझमवरच्या मोठ्या चाचण्याही २०२१ मध्ये परिणाम न दिसल्याने बंद झाल्या. उंदरात जमलं म्हणून बाळाच्या आईला शब्द देता येत नाही.

शनिवारी नेरूळला ये. येताना आतलं क्लोराइड ३ पासून ३० पर्यंत बदलून काढलेला आलेख आण, हाताने काढलास तरी चालेल. विश्रांतीची आणि उंबरठ्याची रेघ त्यावर हवी. मग पहिली ओळ बसून नव्याने लिहू.

तुझा,
सर