लाईटला गॅप नको

अगं,

काल परळ स्टेशनच्या पुलावर तू पप्पांच्या स्वरयंत्राच्या कॅन्सरची फाईल छातीशी धरून विचारलंस, काका, ऑपरेशन टळलं म्हणजे पप्पांचा आवाज वाचला ना, आणि मग हळूच, मधे दोन दिवस साताऱ्याला लग्नाला गेलो तर चालेल ना. मी काहीतरी पुटपुटलो आणि सटकलो. पुलावर बोलता येईना मला.

धीर देत बसत नाही, तो तुझ्यात आहे. एकच सांगतो, लाईटला, म्हणजे रेडिएशनला, गॅप पडू द्यायची नाही.

३५ लाईट, सोमवार ते शुक्रवार, सात आठवडे, सोबत सिस्प्लॅटिन, ते केमोचं औषध. हा ऑपरेशन चुकवायचा जुगाड नाहीये. १९९१ ला अमेरिकेतला ३३२ पेशंटचा अभ्यास आला, निम्म्यांचं स्वरयंत्र काढलं, निम्म्यांना आधी केमो मग लाईट, दोन वर्षांनी जगलेले दोन्हीकडे सारखेच आणि केमोवाल्यांतल्या ६४ टक्के लोकांचं स्वरयंत्र जागेवर. २००३ ला दिसलं की केमो आणि लाईट एकत्र दिलं तर ८८ टक्के लोकांचं स्वरयंत्र राहतं, नुसत्या लाईटने ७०. हे तू रात्री मोबाईलवर वाचलंच असशील. पण गाठ कूर्चा, म्हणजे स्वरयंत्राचं मऊ हाड, फोडून बाहेर आलीय, पाणी पिताना ठसका लागून फुप्फुसात जातंय, अशांना डॉक्टर ऑपरेशनच सांगतात आणि बरोबर सांगतात, मोडलेलं स्वरयंत्र सांभाळून काय करायचं. पप्पांचं तसं नाही. म्हणून तर म्हणतो, मिळालेला चान्स घालवू नकोस.

माझ्या दादाच्या २२ लाईट झाल्या आणि गणपती आले. तोंड आतून सोललेलं, पेज पण उतरेना, म्हणाला गावी जाऊन येऊ. तिकिटं मी काढली. पाच दिवसांचे म्हणता म्हणता अकरा दिवस झाले. आता घरातले मलाच बोलतात, पण तेव्हा कोणी सांगितलं होतं का? कार्डावर लाल पेनाने गोल केला, झालं. चौथ्या आठवड्यापासून उरलेल्या पेशी जास्तच जोराने वाढतात, एकेक दिवस लांबला की गाठीवरचा ताबा साधारण टक्काभर सुटतो, हे मी नंतर शिकलो. आठ महिन्यांनी गाठ परत तिथेच. स्वरयंत्र काढावंच लागलं, आणि लाईट खाल्लेल्या मानेची जखम भरता भरेना, टाक्यांतून लाळ यायची. गॅपमुळेच झालं असं कोणी लिहून दिलेलं नाही. आणि त्या वर्षी दादाने घोगऱ्या आवाजात आरती म्हटली, ती मी चुकवायची होती का? जाऊ दे.

तर गॅप नको. मशीन बंद पडलं, ट्रेन तुंबल्या, हिंदमाताला पाणी भरलं, काही होऊ दे. सुट्टी पडलीच तर तिथेच उभी राहून विचार, शनिवारी भरून काढाल का, की एका दिवसात सहा तासांच्या अंतराने दोन द्याल. लाजू नकोस. पावसाचे दिवस लालबागला मावशीकडे काढा. दात आधी दाखवा, नंतर दात काढणं म्हणजे जबड्याच्या हाडाला धोका. केमोआधी किडनीसाठी क्रिएटिनिन आणि कानांची टेस्ट. किडनी-कानांमुळे सिस्प्लॅटिन झेपत नसेल तर डोसेटॅक्सेल या दुसऱ्या केमोच्या औषधाचं विचार, त्यावरचा टाटा हॉस्पिटलचाच अभ्यास २०२३ ला आलाय. नाकातून नळी घातली तरी गिळता येतंय तोवर रोज चार चमचे तोंडाने गिळायला लाव, पप्पा चिडतील, चिडू देत, नाहीतर स्वरयंत्र राहील आणि गिळणं जाईल. विडी? त्यावर मी बोलणारच नाही, तू ओरड.

आणि आवाज पहिल्यासारखा येईल असं मी म्हणत नाहीये. थोडा जाड, कोरडा होईल. स्वतःचा असेल.

साताऱ्याला तू एकटी जा, व्हिडिओ कॉल लाव. शुक्रवारची लाईट किती वाजता आहे तेवढं कळव, पप्पांना मी घेऊन जातो, मला आता काय काम आहे.

तुझा काका