वाचकांचे प्रश्न : फ्रान्समधील कालवे, खेडी आणि सायकल

फ्रान्समध्ये कालव्यांच्या काठाने सायकल चालवण्याविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहोत.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी पन्नाशी ओलांडलेले असून सायकलची सवय आहे, पण लांबच्या सहलीचा अनुभव नाही. आठवडाभर कालव्याकाठून फिरावे असा बेत आहे. जिथे तिथे कनाल द्यु मिदीचेच नाव वाचायला मिळते. पहिल्या सहलीसाठी तोच निवडावा का?

उत्तर : आमचे मत विचाराल तर नाही. पहिल्या खेपेला त्याच्या शेजारचा गारोन कालवा निवडावा आणि मिदी दुसऱ्या खेपेसाठी राखून ठेवावा.

कनाल द्यु मिदीची कीर्ती खरीच आहे. प्येर-पॉल रिके याच्या योजनेनुसार १६६६ ते १६८१ या काळात खोदलेला हा सुमारे २४० किलोमीटरचा कालवा तुलूझ शहराला भूमध्य समुद्राशी जोडतो आणि १९९६ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. मात्र कालवा कितीही थोर असला तरी त्याच्या काठची वाट सायकलसाठी चांगली असेलच असे नाही. तुलूझपासून पहिले सुमारे ५० किलोमीटर डांबरी वाट आहे. त्यापुढे मात्र ती भागाभागाने बदलत जाते. कुठे दाबून बसवलेली खडी, कुठे साधी मातीची पायवाट, तर कुठे झाडांची मुळे वर आलेली असतात आणि सामान लादलेली सायकल त्यांच्यावरून दिवसभर हादरत राहते. रुंद टायर आणि सराव असलेल्यांना यात गंमत वाटेल. नवख्यांची मात्र मनगटे आणि पाठ दोन दिवसांत बोलू लागतात.

याउलट गारोन कालवा तुलूझपासून वायव्येला कास्ते-आँ-दॉर्तपर्यंत १९३ किलोमीटर जातो आणि त्याच्या काठची वाट जवळजवळ सगळी डांबरी आहे. मोटारींना तिथे मज्जाव असल्यामुळे दोघांना गप्पा मारत शेजारी-शेजारी चालवता येते. समोरून कोणी आले की एका ओळीत यावे, एवढेच. वाटेत मोआसाकला रोमनेस्क शैलीतील मठ आहे, ज्याच्या अंगणाभोवतीची कोरीव खांबांची ओवरी ११०० सालची आहे. पुढे आजाँ येथे दगडी कमानींच्या ५३९ मीटर लांबीच्या पुलावरून कालवाच गारोन नदी ओलांडतो. नदीवरून जाणाऱ्या या कालव्याच्या कडेने सायकल नेता येते, आणि मधोमध थांबून खाली पाहिले की एका पाण्यावरून दुसरे पाणी कसे जाते ते नीट कळते.

दिवसाला ४० ते ५० किलोमीटर पुरेसे आहेत. कालव्यावर चढ जवळजवळ नसतो, पण त्यामुळे उतारही नसतो, आणि पाय न हलवता सायकल धावण्याचे सुख तिथे मिळत नाही. लॉक आले, म्हणजे बोटी वर-खाली नेणारी दरवाजांची कोठी आली, की तेवढा छोटासा उंचवटा लागतो. बसण्याची जागा आरामदायी असणे म्हणूनच गिअरांच्या संख्येपेक्षा महत्त्वाचे आहे.

प्रश्न : आम्हाला कालव्यापेक्षा जुनी खेडी पाहण्याची ओढ आहे. काठाने जाताना ती आपोआप लागतात का?

उत्तर : काही लागतात, जी पाहण्यासाठी माणसे दुरून येतात त्यांतील बरीचशी लागत नाहीत. याचे कारण सरळ आहे. कालवा खोदणाऱ्याने सपाटी शोधली, तर मध्ययुगात गाव वसवणाऱ्याने संरक्षणासाठी टेकडी शोधली. त्यामुळे गावासाठी कालवा सोडून वर चढावेच लागते, आणि सहल आखताना हा चढ हिशेबात धरला नाही तर आठवडाभर झाडे, पाणी आणि लॉकच्या रखवालदारांची घरे एवढेच पाहून परतण्याची वेळ येते.

गारोन कालव्यावरील व्हालाँस-दाजाँपासून काही किलोमीटरवर, नदीच्या पलीकडे ऑव्हिलार हे गाव आहे. पूल ओलांडला की शेवटचा चढ असा येतो की अनेक जण उतरून सायकल ढकलतात. वर पोचल्यावर विटांच्या जुन्या घरांनी वेढलेला त्रिकोणी चौक आणि त्याच्या मधोमध खांबांवर पेललेला, कौलारू छपराचा गोलाकार धान्यबाजार दिसतो, आणि चौकाच्या पलीकडे गेले की खाली गारोनचे खोरे पसरलेले असते. बुर्गोन्य कालव्यावरही असेच आहे : शातोनफचा किल्ला काठावरून सतत खुणावत राहतो, पण तिथे जायचे तर टेकडी चढावी लागते.

ऑव्हिलार आणि शातोनफ ही दोन्ही ‘फ्रान्सची सर्वांत सुंदर गावे’ या संघटनेच्या यादीत आहेत. १९८२ मध्ये स्थापन झालेली ही संघटना लोकसंख्या २,००० पेक्षा जास्त नसलेल्या गावांनाच स्थान देते. यादी उपयोगी आहे, पण तिच्यामागे धावू नये. उन्हाळ्यात नेमकी याच गावांत गर्दी असते. चढ अजिबात नको असेल तर ब्रिटनीतील नांत-ब्रेस्त कालवा पाहावा. तिथे जोसलँचा किल्ला आणि मालेस्त्रुआचे जुने गाव थेट पाण्याकाठीच आहे. वाट डांबरी नाही, पण चांगली दाबलेली आहे, आणि पाऊस मात्र केव्हाही येऊ शकतो.

प्रश्न : कनाल द्यु मिदीवरची प्रसिद्ध झाडे तोडली जात आहेत असे ऐकले. आता तिथे जाण्यात अर्थ आहे का?

उत्तर : अर्थ आहे, पण जुनी छायाचित्रे पाहून जाऊ नये. काठावर सुमारे ४२,००० प्लेन वृक्ष, म्हणजे चिनारच्या कुळातली झाडे, होती. २००६ मध्ये त्यांच्यात एका बुरशीचा रोग आढळला. बुरशी जखमांतून आणि मुळांतून शिरते, पाण्यावाटे पसरते आणि तिच्यावर खात्रीचा उपाय नाही. म्हणून लागण झालेली झाडे तोडून जाळावी लागतात. त्यांच्या जागी ओकच्या एका जातीची आणि इतर काही झाडांची लागवड चालू आहे, पण त्यांची सावली पडायला वेळ लागेल. कार्कासोनच्या पूर्वेकडील काही पट्टे त्यामुळे उघडे पडले आहेत, आणि जुलै-ऑगस्टच्या दुपारी तिथे सायकल चालवणे ही शिक्षाच ठरते. मे, जून किंवा सप्टेंबर निवडावा आणि शक्यतो पश्चिमेकडून पूर्वेकडे जावे, कारण नोरूझच्या खिंडीपलीकडे वायव्येचा सेर्स वारा बहुधा पाठीशी असतो. बेझिएजवळ जिन्याच्या पायऱ्यांसारखी रचलेली फोन्सरानची लॉक तरी चुकवू नयेत. बोटी तिथे सुमारे २१ मीटर चढ-उतार करतात.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. खेड्यांमध्ये खाण्याचे आणि पाण्याचे कसे जमेल?

उत्तर : शाकाहारापेक्षा मोठी अडचण वेळेची आहे. खेड्यातील दुकाने दुपारी साधारण १२ ते २ आणि कित्येकदा त्याहूनही जास्त वेळ बंद असतात, रविवारी दुपारनंतर बहुतेक सगळे बंद, आणि सोमवारी अनेक बेकऱ्या व खानावळींची सुटी. रेस्तराँमध्ये दुपारचे जेवण १२ ते २ या वेळेतच मिळते. अडीच वाजता पोचलेल्याला हसतमुखाने नकार मिळतो. त्यामुळे सकाळी निघतानाच बेकरीतून पाव, शिवाय चीज, टोमॅटो आणि फळे सायकलच्या पिशवीत भरून घ्यावीत. आठवडी बाजाराचा वार गावागावाचा वेगळा असतो आणि तो बहुधा सकाळीच आटोपतो.

रेस्तराँत मात्र विचारूनच मागवावे. शेळीच्या दुधाच्या चीजचे सॅलड निर्धोक वाटते, पण त्यावरही कधी डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे पेरलेले असतात. कीश या अंडी-मलईच्या खाऱ्या पायमध्येही तेच, आणि नैऋत्य भागात बटाटे बदकाच्या चरबीत परततात. केवळ ‘मी शाकाहारी आहे’ एवढे म्हणून भागत नाही. मांस नको, मासे नकोत आणि मांसाचे तुकडेही नकोत, असे तीनही सांगावे. रात्रीसाठी घरगुती मुक्कामाची जागा घेतल्यास आरक्षण करतानाच कळवावे, म्हणजे यजमानांना तयारी करता येते.

पाण्यासाठी सायकलस्वारांची जुनी युक्ती म्हणजे गावाचे कब्रस्तान : तिथे फुलझाडांसाठी नळ असतोच. ‘ओ नॉन पोताब्ल’ अशी पाटी असेल तर ते पाणी पिऊ नये.

प्रश्न : बरोबर दहा वर्षांचा मुलगा असेल. काही वेगळे नियम आहेत का?

उत्तर : १२ वर्षांखालील मुलांना हेल्मेट सक्तीचे आहे, मग ते स्वतः चालवत असोत वा मागे बसलेले असोत. घंटी आणि पुढचे-मागचे दिवे सर्वांनाच लागतात. वस्तीबाहेर रात्री किंवा धुक्यात चमकणारे जाकीट घालावे लागते. कानात इअरफोन घालून चालवल्यास १३५ युरो दंड आहे. रस्त्यावर वाहतूक उजव्या बाजूने चालते, आणि वेगळी खूण नसेल तर चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे लागते. शांत खेड्यातील अरुंद गल्लीतूनही मोटार असा हक्क बजावत बाहेर येते, हे मुलाला आधी समजावून ठेवावे. काठाच्या वाटेला कठडा नसतो, म्हणून मुलाने पाण्याच्या विरुद्ध बाजूने चालवावे.

प्रश्न : सायकल रेल्वेतून नेता येते का?

उत्तर : टीईआर या प्रादेशिक गाड्यांतून सायकल बहुधा विनामूल्य जाते, मात्र उन्हाळ्यात काही प्रदेशांत आणि मार्गांवर आरक्षण लागते. वेगवान टीजीव्हीमध्ये काही गाड्यांतच सायकलची जागा असते आणि ती आधी राखून ठेवावी लागते; नाहीतर सायकल सुटी करून १३० बाय ९० सेंटिमीटरच्या पिशवीत घालावी. गारोन कालव्याच्या बाजूने बोर्दो-तुलूझ लोहमार्ग जातो आणि मोआसाक, आजाँ, मार्मांद ही स्थानके त्यावरच आहेत. थकवा आला, पाऊस लागला किंवा एखादे स्पोक तुटले, तरी पुढचे स्थानक फार दूर नसते. नवख्यांना हाच कालवा सुचवण्यामागे हेही एक कारण आहे.