टोळीतल्या पोरीसाठी गावानं काय करायचं

दादा, तू विचारलंयस की तुमच्या पलूसकडच्या गावात ऊसतोडीची टोळी उतरलीय, त्यातली 12-13 वर्षांची पोरगी दिवसभर बापामागं मोळ्या बांधते, हंगाम संपला की तिचं लग्न आहे असं मुकादम बोलला, आणि मंडळाची पोरं म्हणतायत व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकू. मी वाळवा तालुक्यात अंगणवाडीत बरीच वर्षं काढली, दर हंगामाला टोळ्या बघितल्या, म्हणून जरा लांब लिहिते.

व्हिडिओ अजिबात नको. अशा पोरीचा चेहरा, नाव, शाळा काहीही जाहीर करायला बाल न्याय कायद्यात बंदी आहे, शिक्षा होते. आणि व्हिडिओ फिरला की मुकादम रातोरात कुटुंब दुसऱ्या फडावर, म्हणजे दुसरीकडच्या तोडीच्या उसात, हलवतो, मग पोरगी तुमच्या नजरेतूनही गेली.

आता ती फडात का जाते ते बघा. ही माणसं बीडकडनं येतात, नवराबायको मिळून एक कोयता, दोघांच्या नावावर उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असते आणि ती फेडल्याशिवाय सुटका नाही. पहाटे तीन-चारला फडात जायचं, गाडी भरून कारखान्याला गेली की मग परत. एवढा वेळ वयात येणारी पोरगी कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपडीत, एकटी ठेवायची कुणाच्या जिवावर? कोपीला दार नाही, कडी नाही. लवकर लग्नामागंही बऱ्याचदा हीच भीती असते, आणि लग्न झालं की नवा कोयता तयार होतो, त्यावर परत उचल मिळते. म्हणून नुसतं "पोरीला कामाला का लावता" म्हणून आईबापावर ओरडून काही होत नाही, दिवसभर पोरगी कुठं सुरक्षित राहील हे गावानं सोडवायला पाहिजे.

आमच्याकडं एक पोरगी होती, शाळेच्या दारापर्यंत यायची, कडेवर भाऊ, आणि तिथूनच आत बघत उभी राहायची. गुरुजींनी बोलावलं तरी येईना कारण भावाला ठेवणार कुठं. मग त्या बाळाला आम्ही अंगणवाडीत घेतलं, तिथं खाऊ मिळतो, वजन होतं, झोपतंय पण, आणि दुसऱ्या दिवशी ही वर्गात बसली. स्थलांतरित पोरांनाही अंगणवाडीचा आहार मिळतो, त्याला तुमच्या गावचं रेशनकार्ड लागत नाही. शाळेचंही तसंच, शिक्षण हक्क कायद्यानं 6 ते 14 वयाच्या पोराला वर्षात कधीही प्रवेश द्यावा लागतो, दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. मुख्याध्यापक कुरकुरले तर सरपंचांना घेऊन जा, भांडू नका.

मुकादम म्हणेल आईबापाला मदत करते, घरचं काम आहे. दुसऱ्याच्या उसात मजुरीनं तोड करणं हे घरचं काम नव्हे, आणि 14 वर्षांखालच्या पोराला कामावर ठेवायला बालकामगार कायद्यातल्या 2016 च्या दुरुस्तीनंतर सरसकट बंदी आहे.

लग्नाचं म्हणशील तर ग्रामीण भागात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, त्याला लेखी द्या. लग्न त्यांच्या गावी असेल तर तिथं आधी कळायला पाहिजे, म्हणून 1098 ला फोन करा, चोवीस तास चालू, पैसे लागत नाहीत, नाव सांगायचं नसेल तरी चालतं. ते जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाला आणि बालकल्याण समितीला कळवतात, समितीनं बीडला कळवलं की लग्न थांबवायचा कोर्टाचा मनाई हुकूमही घेता येतो. लग्न लावणारा, ठरवणारा, बाप, सगळ्यांना 2 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड आहे, आईला कैद होत नाही पण दंड होतो, हे मुकादमाला शांतपणे ऐकवा, त्यालाच जास्त झोंबतं.

आणि एक गोष्ट, गावाला ऐकायला आवडत नाही पण लिहितेच. अंधार पडला की कोप्यांकडं घिरट्या घालणारा नेहमी बाहेरचाच असतो असं नाही, आपल्यातलाही असतो. बायका-पोरी अंधारात लांब शेताकडं जातात, म्हणून तिथं एक दिवा, पाण्याचा नळ आणि तात्पुरते संडास एवढं ग्रामपंचायतीकडनं करून घ्या, मंडळाच्या गणपतीच्या उरलेल्या वर्गणीतनंही होतं. पोरीनं कुणाबद्दल काही सांगितलं तर पाच जणांनी पाच वेळा तिला विचारू नका. एकदा ऐका, विश्वास ठेवा, पोलिसात कळवा. पोक्सोत, म्हणजे पोरांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यात, जबाब घरी घेतात, शक्यतो महिला अधिकारी असते, गणवेश नसतो, आणि पोराला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. चार मोठ्यांनी बसून मिटवायचं म्हणाले तर त्यांना सांगा, माहीत असून न कळवणं हाच त्या कायद्यात गुन्हा आहे, 6 महिन्यांपर्यंत कैद.

तर उद्याच तुमच्यातली एखादी वहिनी किंवा अंगणवाडी ताई घेऊन कोपीवर जा, पोरं एकटी जाऊ नका, नाहीतर बाप घाबरेल. आधी आईशी बोला, धाकटं कुणी आहे का विचारा. आणि मार्चच्या सुमारास पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या, आत शाळेकडनं तिच्या हजेरीचं पत्र घ्यायला विसरू नका, गावी परत गेल्यावर तिथल्या शाळेत दाखवायला ते उपयोगी पडेल.