वर कोण चढणार?

प्रिय बाळ,

परवा रात्री तू फोनवर तीन कोटेशनं वाचून दाखवलीस. पावणेदहा लाख, साडेअकरा लाख आणि पावणेचौदा लाख. तुझ्या फाउंड्रीचं, ओतकामाच्या कारखान्याचं, बारा हजार चौरस फुटांचं छप्पर, जुने सिमेंटचे पत्रे उतरवायचे, रंगीत गॅल्व्हल्यूम, म्हणजे जस्त-अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेला पोलादी पत्रा, चढवायचं, पन्हळी बदलायच्या. वर म्हणालीस, "काका, तिघांनीही एकच काम लिहिलंय, मग चार लाखांचा फरक कशाचा?" तुझी काकू झोपली होती आणि मला आवाज चढवायचा नव्हता, म्हणून उद्या बोलू म्हणालो. नंतर झोप लागली नाही.

पत्र्याची जाडी, रंगाची हमी, हप्ते, जीएसटी, सगळं विचारलंस तू त्यांना. एक प्रश्न राहिला. तुझ्या वडिलांनी तो कधी विचारला नाही आणि मीही पहिल्या खेपेला विचारला नव्हता. वर कोण चढणार?

ऑफिसात येऊन फाईल उघडणारा माणूस वर चढत नाही. तो चहा पितो, मोबाईलवर झालेल्या शेडचे फोटो दाखवतो आणि जातो. तुझ्या डोक्यावरच्या पत्र्यात हजारो स्क्रू बसणार आहेत. ते बसवणारा माणूस तू अजून पाहिलेलाच नाहीस, आणि ठेकेदार निवडायला निघालीस!

२००३ च्या एप्रिलमधली गोष्ट सांगतो. तुझ्या वडिलांना अर्धीच माहीत होती. कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या आमच्या फाउंड्रीचं छप्पर तेव्हा सिमेंटच्या पत्र्यांचं होतं, मधेमधे उजेडासाठी फायबरचे पत्रे. मी तीन कोटेशनं मागवली, सर्वांत कमीचं उचललं आणि त्या दिवशी घरी पेढे नेले, एवढे पैसे वाचले म्हणून. ठेकेदाराने काम दुसऱ्याला दिलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. तिसऱ्या दिवशी सकाळी चार पोरं वर चढली. त्यातला एक त्याच दिवशी नाक्यावरून आणलेला, वय एकोणीस. भट्टीच्या धुराने फायबरचे पत्रे इतके काळे पडले होते की वरून सिमेंटचा कुठला आणि फायबरचा कुठला हे कळत नव्हतं. जाणता मिस्त्री हुकाच्या बोल्टांच्या रांगेवरूनच चालतो, कारण बोल्टखाली पर्लिन, म्हणजे पत्र्यांना आधार देणारी आडवी तुळई असते. त्या पोराला हे कोणी सांगितलं नव्हतं. पाण्याची बाटली घ्यायला तो तिरका चालत गेला.

वीस फूट. खाली मोल्डिंग बॉक्सची चळत होती, तिच्या कडेवर कंबर आपटून तो वाळूच्या ढिगात पडला, म्हणून वाचला. मी धावत गेलो आणि त्याला हाक मारायला तोंड उघडलं, तर नाव माहीत नाही. आमच्या छपरावर तीन दिवस माणसं फिरत होती आणि त्यांतल्या एकाचंही नाव मला ठाऊक नव्हतं. इस्पितळाच्या कागदावर नाव लिहायची वेळ आली तेव्हा त्याच्याबरोबरच्या पोराला विचारावं लागलं. ठेकेदार म्हणाला, "तो माझा माणूस नव्हे." आणि कागदोपत्री ते खरं होतं. कामगार विम्याची पॉलिसी पाच माणसांची होती, त्यात या पोराचं नाव नव्हतं. इस्पितळाचा खर्च मी केला, पुढेही जमेल तसं करत राहिलो. पण त्याची चाल सरळ झाली नाही ती नाहीच.

वर त्या जूनमध्ये ते छप्परही गळलं. भट्टीच्या बाजूला गळलं असतं तर काय झालं असतं ते तुला सांगायला नको, तूही फाउंड्रीत वाढलीस. वितळलेल्या लोखंडाखाली पाणी सापडलं की वाफेचा स्फोट होतो. सुदैवाने ते वाळूच्या प्लँटवर गळलं आणि दोन महिने आमचं कास्टिंग ब्लो होलमुळे, म्हणजे ओल्या वाळूने ओतीव लोखंडात पडणाऱ्या पोकळ्यांमुळे, परत येत राहिलं. वाचलेले पैसे ऑगस्टपर्यंत गेले.

तेव्हापासून मी एकच प्रश्न आधी विचारतो. बाकी सगळं नंतर.

तू म्हणशील, काका, हा सुरक्षेचा मुद्दा झाला, मी तर गळतीचं विचारत होते. अगं, ही दोन कामं नव्हेतच. स्क्रूचंच घे. त्याच्या डोक्याखाली रबराचा वॉशर असतो. ड्रिल जास्त दाबलं की रबर बाहेर फुगतं आणि दोन उन्हाळ्यांत तडकतं. कमी दाबलं की खालून पाणी शिरतं. स्क्रू तिरका गेला तर वॉशर एका बाजूने उचललेला राहतो. रबर चकतीच्या कडेला अगदी किंचित दिसेल इतकंच आवळायचं असतं, आणि ते हाताला कळावं लागतं. ज्याला आपण पडू अशी भीती आहे, जो एका हाताने रिज, म्हणजे छपराचा माथा धरून दुसऱ्या हाताने ड्रिल चालवतोय, त्याचा स्क्रू सरळ जाईल का? कमरेला पट्टा आणि पट्ट्याला लाईफलाईन, म्हणजे छपरावर पक्का बांधलेला दोर असला की दोन्ही हात मोकळे होतात. आता सांग, चार लाखांचा फरक कशाचा?

एका मिस्त्रीचं काम मी तासभर उभं राहून पाहिलंय. मागच्या खिशात रंगाचा जुना ब्रश. दहा-बारा स्क्रू मारले की तो गुडघ्यावर बसायचा आणि ड्रिलमधून पडलेला लोखंडाचा बारीक चुरा झाडून डब्यात भरायचा. मी विचारलं तर म्हणाला, "साहेब, हा रात्रभर दवात राहिला की सकाळी गंजतो, आणि तो डाग पत्र्याला खातो." पत्रा कापायला त्याने ग्राइंडर कधी लावला नाही, कातरीने कापायचा. ग्राइंडरच्या ठिणग्यांनी कडेचा मुलामा जळतो. हे कुठल्याही कोटेशनमध्ये लिहिलेलं नसतं. म्हणून सांगतो, वर कोण चढणार ते बघ.

कसं बघायचं? फोटोंवर जाऊ नकोस. २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला होता, त्या दोन्ही पावसांत उभं असलेलं छप्पर दाखवा म्हण. दाखवलं की मालकाकडे स्वतः जा आणि शिडी मागून वर चढ. गंजाचे ठिपके कुठे आहेत बघ. स्क्रूभोवती असतील तर चुरा झाडलेला नाही. जोडावर काळं डांबर किंवा एम-सील थापलेलं असेल तर पहिल्याच वर्षी गळलंय. पत्र्याचे बाजूचे जोड कुठे तोंड करून आहेत तेही बघ. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेचा. काम पूर्वेकडून सुरू करून पश्चिमेकडे सरकलं की जोडाची कड वाऱ्याला पाठ करते. उलट केलं की वारा पाणी जोडात ढकलतो. खालीवर येणारा जोड निदान १५० मिलिमीटर हवा, उतार कमी असेल तर आणखी. मग खाली उतरून त्या मालकाला एकच विचार: हे छप्पर ज्यांनी घातलं ती माणसं आज कुठे आहेत? ती आजही त्याच ठेकेदाराकडे असतील तर पुढे बोल. नसतील तर तू पाहिलेलं छप्पर दुसऱ्याच कोणाचं आहे.

पत्र्याचं थोडक्यात सांगतो, कारण ते सोपं आहे आणि सगळे त्यातच अडकतात. कोटेशनमध्ये ०.५० लिहिलंय ते रंग आणि मुलामा धरून की नुसत्या पोलादाचं, हे लिहून घे. दोन्हींत फरक असतो आणि भांडण तिथेच होतं. मुलामा एझेड १५० म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम. तुझ्या क्वालिटीच्या टेबलावर मायक्रोमीटर पडलाय, गाडी उतरताना चार पत्र्यांना लाव. मी तर म्हणेन पत्रा तू स्वतः, तुझ्या नावाच्या बिलावर घे आणि ठेकेदाराला फक्त बसवायचं काम दे. म्हणजे तो पत्र्यात पैसे वाचवणार नाही आणि तुमचं बोलणं फक्त माणसांवर येईल. कंपनीची पंधरा-वीस वर्षांची हमी ऐकून पाघळू नकोस. ती मुलाम्याची असते, गळतीची नसते.

करारात माणसांची नावं घाल. हो, नावं. "मिस्त्री १, हेल्पर ५" असं नको. कोण मिस्त्री, कोण हेल्पर, विम्याच्या पॉलिसीत तेच सगळे आहेत का, आणि लेखी परवानगीशिवाय काम दुसऱ्याला देता येणार नाही. दहा टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेव. जो यावर कुरकुर करेल त्याला हात जोडून दार दाखव. जो नावांवर कुरकुर करेल त्याला तर चहासुद्धा पाजू नकोस.

तुझे सिमेंटचे पत्रे उतरवणं हे नवीन चढवण्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे. ते चाळीस वर्षांचे आहेत, पायाखाली बिस्किटासारखे तुटतात, आणि त्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे. आधी पाणी मारून ओले करायचे, अख्खे उतरवायचे, खाली फेकायचे नाहीत, वरच्या-खालच्या सगळ्यांच्या तोंडाला चांगला मास्क. चालायला फळ्या आणि खाली जाळी. तिघांपैकी जाळी कोणी लिहिलीय ते परत वाच. मला तू वाचून दाखवलंस त्यात फक्त एकाने लिहिली होती, पावणेचौदावाल्याने. त्यालाच काम दे असं मी म्हणत नाही. त्याचीही माणसं बघ.

आता दुसरी गोष्ट. ती घरातली आहे, आणि माझ्याबद्दल तू काय ऐकलंस ते मला ठाऊक आहे. २०१२ च्या मे महिन्यात दुसऱ्या शेडचं काम काढलं. या खेपेला महाग ठेकेदार, माणसं पाहून ठरवलेली. काम सुरू झालं तेव्हा वेगळीच टोळी आली. पट्टे शिडीजवळ पोत्यात पडलेले, लाईफलाईन बांधलेलीच नाही. मी काम थांबवलं. ठरलेली माणसं येईपर्यंत चार दिवस कोणाला वर जाऊ दिलं नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी वळीव आला. पॅटर्न, म्हणजे साचे घ्यायचे लाकडी नमुने, ठेवतो त्या स्टोअरवरचे पत्रे तोवर निघालेले, ताडपत्री वाऱ्याने फाडली, लाकडी पॅटर्न भिजून फुगले. एक मोठं गिऱ्हाईक गेलं. माझा धाकटा भाऊ म्हणाला, "तुझ्या हट्टापायी धंदा बुडाला," आणि दिवाळीच्या पाडव्याला हिशेब वेगळे केले. आजही आम्ही लग्नाकार्यात बोलतो तेवढंच.

लोक म्हणतात काका हेकट. म्हणोत. त्या चार दिवसांत कोणी पडलं नाही हे कोणाच्या हिशेबात धरलं जात नाही, कारण न पडलेल्या माणसाचं बिल येत नाही. मला ते धरता येतं, कारण मी २००३ चं बिल भरलंय. काम थांबवल्याचा मला पश्चात्ताप नाही. स्टोअरवरचा पहिला पत्रा उघडायच्या आधी मी शिडीपाशी उभा राहून माणसं मोजली नाहीत, याचा आहे. टोळी सकाळी आली आणि मी दुपारी जेवून गेलो. तेवढ्या वेळात अर्धं स्टोअर उघडं पडलं होतं. म्हणून तुला सांगतो, पहिल्या दिवशी सकाळी सहाला तू हजर पाहिजेस, यादी हातात घेऊन. नाव वाचायचं, तोंड बघायचं, मगच शिडीला पाय. यादीबाहेरचा एकही नको, ठेकेदाराचा मेव्हणा असला तरी नको.

आणि मार्च चाललाय, वेळ घालवू नकोस. एप्रिलच्या मधल्या आठवड्यापर्यंत उतरवण्याचं काम संपायला हवं. एका वेळी दोनच गाळे (खांबांमधले छपराचे भाग) उघडायचे, रोज संध्याकाळी जेवढं टाकलं तेवढं पक्कं करायचं आणि पत्र्यांची चळत दोरीने बांधायची. वळवाच्या वाऱ्यात सुटा पत्रा पतंगासारखा उडतो आणि माणसाला घेऊन जातो. दुपारी बारा ते चार वर कोणालाही ठेवू नकोस. तेव्हा पत्र्याला हात लावता येत नाही आणि माणूस घाई करतो.

बँकेचं तू म्हणालीस ते समजतं. वडील गेल्यावर पहिलंच मोठं काम, प्रत्येक आकड्याकडे मॅनेजर बोट दाखवतो. पैसे कमी पडत असतील तर या वर्षी भट्टीवरचे आणि वाळूच्या प्लँटवरचे गाळे कर, बाकीचे पुढच्या जानेवारीत. छप्पर अर्धं कर, पण माणसं अर्धी करू नकोस. मॅनेजरशी मी बोलतो हवं तर.

रविवारी माझ्याकडे ये. २०१२ चं छप्पर अजून उभं आहे, त्या ब्रशवाल्या मिस्त्रीच्या हातचं. तेरा-चौदा पावसाळे झाले, स्टोअरमध्ये थेंब नाही. मिस्त्रीलाही बोलावलंय. आता तो स्वतः चढत नाही, मुलगा चढतो. मुलाचं काम कसं आहे हे मला माहीत नाही, ते तू बघायचंस. रबरी तळाचे बूट घालून ये. पट्टे दोन आहेत, लाईन मी शनिवारी बांधून घेतो. सकाळी पत्र्यावर दव असतं, ते वाळेपर्यंत खाली बसून चहा घेऊ.

तुझा,
काका